बाहुलीच्या घोड्याचा साज: आयाळ विंचरण्यापासून खोगिरापर्यंत

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. मधे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या आणि माझं दर दोन वाक्यांनी येणारं 'म्हणजे' काढून टाकलंय. मापं आणि पायऱ्या मात्र बोललो तशाच ठेवल्यात, कारण बऱ्याच जणांना त्या लिहून हव्या असतात.)

मागच्या भागात फोनच्या बॅटरीबद्दल बोललो होतो. त्यामुळे आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला काय झालं? तर आजचा विषय आहे बाहुलीचा घोडा. प्लास्टिकचा. त्याची आयाळ कशी धुवायची, गुंता कसा सोडवायचा आणि त्याच्यासाठी घरच्या घरी खोगीर, लगाम, झूल कशी करायची.

थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. यात थोडं रसायनशास्त्र आहे, थोडा सिंहगड आहे आणि माझा एक वीस वर्षं जुना गुन्हा आहे.

माळ्यावरचा घोडा

झालं असं, दिवाळीच्या आधी आम्ही घरचा माळा साफ करायला काढला. एका खोक्यात किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे, दोन फुटक्या पणत्या आणि त्यांच्या खाली ताईचा घोडा सापडला. बिस्किटाच्या रंगाचा, बार्बीच्या मापाची बाहुली बसेल एवढा. आमच्या मामाने दुबईहून आणलेला. माझी सात वर्षांची भाची तो हातात घेऊन नाचायला लागली आणि जागच्या जागी त्याचं नाव 'बिस्किट' ठेवून मोकळी झाली.

अवस्था मात्र बघवत नव्हती. अंगाला धूळ आणि चिकटपणा. शेपटीचा एकच गोळा झालेला. आयाळ अर्धी गुंतलेली आणि कपाळावर केसांच्या जागी नुसते खुंट.

ताई म्हणाली, "टाकून दे तो. आणि ते कपाळावरचे केस तूच कापले होतेस, आठवतंय का? दुसरीत होतास. हेअरकट म्हणून."

मला खरंच आठवत नव्हतं. तिला मात्र तो दिवस, ती कात्री, सगळं लख्ख आठवत होतं. मग मी जरा घाईनेच म्हटलं, "दे इकडे, नीट करतो."

आणि इथे मी दुसरी चूक केली. ताईचा केस सरळ करायचा स्ट्रेटनर घेतला, शेपटीच्या टोकाला लावला आणि दोन सेकंदांत चर्र असा आवाज. केसांची कडक, चकचकीत पट्टी झाली. भाची म्हणाली, "मामा, तू इंजिनीअर आहेस ना?"

केस जळले नाहीत, वितळले

आपला केस केराटिनचा असतो. केराटिन म्हणजे प्रथिन. ते तापवलं तर जळतं, पण मेणासारखं वितळत नाही. बाहुलीच्या किंवा तिच्या घोड्याच्या केसाचं तसं नाही. ते प्लास्टिकचे बारीक धागे असतात आणि हे प्लास्टिक उष्णतेने मऊ होऊन वितळतं. सहसा तीनपैकी एक प्रकार असतो: नायलॉन, सरान किंवा पॉलिप्रॉपिलीन. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि बरेच स्ट्रेटनर सहज २०० च्या आसपास जातात. नायलॉन थोडं जास्त सोसतं, पण त्याच्याही पुष्कळ आधी मऊ पडतं. म्हणजे पहिला नियम: स्ट्रेटनर आणि गरम हवेचा ड्रायर बाजूला ठेवा.

आपला घोडा कुठल्या प्रकारातला ते कळायला घरच्या घरी एक चाचणी आहे. कंगव्यात निघालेला एखादा केस घ्या. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका. साबण का? तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे जड धागाही वर तरंगतो, तो ताण साबणाने मोडतो. मग केस चिमटीत धरून पाण्याखाली बुडवा, त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, त्याची घनता ०.९ च्या आसपास, म्हणून ते वर येतं. नायलॉन (साधारण १.१४) आणि सरान (साधारण १.७) तळाला जातात. आमच्या बिस्किटचा केस सावकाश खाली गेला.

धुणं आणि विंचरणं

आता पायऱ्या सांगतो.

एक. घोडा पूर्ण बादलीत बुडवू नका. हे घोडे आतून पोकळ असतात. मानेच्या सांध्यातून किंवा केसांच्या भोकांतून पाणी आत गेलं की लवकर बाहेर येत नाही आणि आत बुरशी धरते. काही जुन्या खेळण्यांत शेपटी आतून धातूच्या चकतीने अडकवलेली असते. ती गंजली तर शेपटीच्या मुळाशी तांबूस डाग पडतो. म्हणून अंगाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि फक्त आयाळ नि शेपटी वाटीत सोडा.

दोन. कोमट पाणी, शाम्पूचा एक थेंब, पाच मिनिटं. चोळायचं नाही. चोळलं की गुंता आणखी घट्ट होतो.

तीन. स्वच्छ पाण्याने धुऊन मग कपड्यांचं फॅब्रिक कंडिशनर लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. खोबरेल तेल लावू नका. आपल्या केसात तेल थोडं तरी मुरतं, प्लास्टिकच्या धाग्यात ते मुरत नाही. वर बसतं आणि धूळ ओढतं. भाचीने माझ्या पाठीमागे बोटभर तेल लावून पाहिलंच. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

चार. विंचरायला रुंद दातांचा कंगवा. सुरुवात टोकापासून, मुळापासून नाही. शेवटचा एक सेंटिमीटर मोकळा झाला की त्याच्या वरचा एक. दुसऱ्या हाताने मुळाशी केस घट्ट धरून ठेवा, कारण हे केस झुपक्याझुपक्याने भोकात ओवलेले असतात. ओढलं तर अख्खा झुपका हातात येतो. उवांची फणी अगदी शेवटी, सगळा गुंता सुटल्यावर. आम्हाला एका शेपटीला दोन संध्याकाळी लागल्या.

पाच. वाळवताना घोडा अशा कोनात टेकवा की पाणी केसांच्या टोकाकडे उतरेल. उन्हात नाही, पंख्याखाली.

आता वाकडे झालेले केस सरळ कसे करायचे? नायलॉनच्या धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या थंडीत एकमेकींना धरून असतात. गरम पाण्यात त्या सैल होतात. तेव्हा जो आकार द्याल, तो थंड झाल्यावर पक्का होतो. म्हणून केस विंचरून सरळ धरायचे, कपात पाणी उकळून पाच-सात मिनिटं निवू द्यायचं, फक्त केसांवर ओतायचं आणि लगेच थंड पाणी. कुरळे हवे असतील तर सरबताच्या स्ट्रॉवर गुंडाळून हेच करायचं. पॉलिप्रॉपिलीनवर हा प्रयोग फारसा टिकत नाही आणि सरानला पाणी आणखी कोमट ठेवावं. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी लांबून बघायचं.

अंग पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरतो. जुनं मऊ प्लास्टिक बऱ्याचदा पीव्हीसी असतं. ते लवचिक राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन वर्षानुवर्षांनी बाहेर झिरपतं, म्हणून ते चिकट लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका. डोळ्यांचा रंग तर जाईलच, प्लास्टिकही विरघळू शकतं.

हे खूळ नवीन नाही

खेळण्यातल्या जनावराला सजवणं आपल्याकडे जुनं आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल झूल घालून, सजवून घरोघर नेतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी अजून मिळतात. आणि पुण्यात आपण काय वेगळं करतो? कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मातीचे मावळे नि घोडेस्वार आणतो, किल्ल्यावर मांडतो आणि कुणाच्या घोड्याचा पाय मोडला की काडीपेटीच्या काडीने जोडतो. तिकडे बार्बी १९५९ साली आली आणि १९७१ साली तिला 'डान्सर' नावाचा पहिला घोडा मिळाला. बाहुली असली की तिला घोडा लागतो. घोडा आला की त्याला साज लागतो.

साज म्हणजे नटवणं, असं मीही समजत होतो. ते किती चूक आहे हे करताना कळलं.

सिंहगड टेस्ट

आम्ही पहिलं खोगीर केलं ते म्हणजे रेक्झिनचा एक तुकडा आणि पोटाभोवती बांधलेली रिबीन. बाहुली बसवली. घोडा दोन पावलं चालवला आणि बाई खोगिरासकट पोटाखाली लटकल्या.

मग मी ऑफिसात करतो तेच केलं. बग नीट पुन्हा घडवून पाहायचा. इस्त्रीचा लाकडी पाट पुस्तकांवर तिरपा ठेवला आणि घोडा आधी चढवला, मग उतरवला. भाचीने त्याला 'सिंहगड टेस्ट' नाव दिलं. प्रत्येक वेळी एक गोष्ट बदलायची. त्यातून जे कळलं ते असं:

खोगीर बाजूला फिरतं, कारण ते पाठीवर सपाट पडलेलं असतं. खऱ्या खोगिराला खाली दोन उशा असतात, कण्याच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मधे मोकळी जागा, म्हणजे स्वाराचं वजन थेट कण्यावर येत नाही. आम्ही तशाच दोन बोटभर लांब उशा शिवल्या आणि त्यात जुन्या गादीचा कापूस, चिंध्या कोंबल्या. 'खोगीरभरती' हा शब्द इथून आलाय बरं का. आत काय भरलंय ते कुणाला दिसत नाही, म्हणून हाताला येईल ते भरायचं. पण उशा झाल्याबरोबर खोगीर पाठीवर बसलं. दिसत नसली तरी भरती कामाची असते.

तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा. आम्ही तो पोटाच्या मधोमध बांधला होता. त्याची जागा पुढच्या पायांच्या लगेच मागे. तिथे छाती भरीव असते आणि पट्टा पायांना टेकून जागेवर राहतो.

चढावर खोगीर मागे सरकतं. ते थांबवायला छातीवरून एक पट्टा पुढे आणून खोगिराला दोन्ही बाजूंनी अडकवायचा. उतारावर ते मानेकडे सरकतं. त्यासाठी दुमची. खोगिराच्या मागून निघून शेपटीच्या मुळाखालून जाणारा पट्टा. डोंगराळ मुलखात ज्यांनी घोडे चढवले-उतरवले त्यांना हा पट्टा शोभेसाठी लागत नव्हता.

रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी. यू पिन वाकवून आम्ही ती केली, टोकं आत दुमडून त्यावर दोरा गुंडाळला. बाहुलीचा पाय कायम चवड्यावर उभा असल्यासारखा, तो रिकिबीतून आरपार गेला. तेव्हा कळलं की घोडेस्वाराच्या बुटाला टाच का असते. पडताना पाय रिकिबीत अडकला तर घोडा माणसाला फरफटत नेतो. आम्ही खोडरबराचे छोटे तुकडे कापून तिच्या पायाला टाचा बांधल्या.

लगामाची कडी खरी तर घोड्याच्या तोंडात असते. आमच्या घोड्याचं तोंड बंद, म्हणून नाकावरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी लहान कड्या शिवल्या आणि त्यात बारीक लेस ओवली. लगाम एवढा लांब हवा की घोड्याने मान खाली घातली तरी बाहुलीच्या हातातून ओढला जाऊ नये.

शनिवारवाड्यासमोर घोड्यावरच्या बाजीराव पेशव्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. या रविवारी पहिल्यांदा भाचीबरोबर थांबून घोडा बघितला. ती मोठ्याने विचारत होती, "मामा, तंग कुठेय? दुमची कुठेय?" शेजारी सेल्फी काढणारी दोन मुलंही मग वर बघायला लागली.

मापं, सामान आणि पुण्यातली दुकानं

प्रत्येक घोडा वेगळा, त्यामुळे माझी मापं जशीच्या तशी घेऊ नका. तीन मापं काढा: मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, पुढच्या पायांमागचा छातीचा घेर आणि नाकाचा घेर. बिस्किटची भरली ११, २२ आणि ९ सेंटिमीटर. आधी वर्तमानपत्राचा कागद कापून घोड्यावर घालून बघा. कापड नंतर.

झुलीसाठी आम्ही आईच्या खणाच्या ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा घेतला. आकार १०×१६ सेंटिमीटर, कडेने अर्धा सेंटिमीटर दुमडायला जास्त. खालून पांढऱ्या फेल्टचं अस्तर. हे अस्तर सोडू नका, कारण गडद कापडाचा रंग प्लास्टिकला लागतो आणि मग निघत नाही. रेक्झिन किंवा रबरही थेट अंगाला लावू नका. महिनोन्‌महिने टेकून राहिलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात. बांधायला वेल्क्रोची बारीक पट्टी, म्हणजे मुलांना स्वतः काढता-घालता येतं.

लेस, गोंडे, कड्या रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. तुळशीबागेत बाळकृष्णाचे कपडे नि छोटे हार मिळतात, त्यातला एखादा घोड्याच्या गळ्यात नेमका बसतो. पण खरं सांगू? आमचा नव्वद टक्के साज घरातल्या टाकाऊ वस्तूंचा आहे. जुन्या पर्सचा पट्टा, बुटाची लेस, ब्लाउजपीस.

खेळून झालं की रात्री साज उतरवायचा, हा आमच्याकडचा नियम. भाचीला आधी तो माझा छळ वाटला. मग तिला सांगितलं की खऱ्या घोड्याचंही खोगीर काम संपलं की उतरवतात, पाठ पुसतात, खरारा करतात. घाम आणि घर्षणाने पाठीला जखमा होतात म्हणून. पूर्वी पागेत हे काम मोतद्दार करायचा. आता ती रोज रात्री स्वतःला मोतद्दार म्हणवून घेते आणि रुमालाने बिस्किटची पाठ पुसते.

एक गंभीर मुद्दा

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी, घुंगरू, छोटी चुंबकं वापरू नका. निघाली की थेट तोंडात जातात. त्याऐवजी दोऱ्याचे गोंडे शिवून टाका. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. माळ्यावरून निघालेली खेळणी त्याच्या आधीची. त्यांना हा नियम लागला नव्हता, म्हणून ती स्वच्छ धुवा आणि लहान बाळाला चावायला देऊ नका.

कपाळावरचे खुंट

राहता राहिला माझा गुन्हा. कपाळावरचे केस परत उगवणार नव्हते. नवे केस सुईने भोकातून ओवता येतात, काही हौशी लोक करतात. पण त्यासाठी डोकं धडापासून वेगळं करावं लागतं आणि ते करायची माझी हिंमत झाली नाही. मग आम्ही लाल लोकरीचा एक तुरा केला. सहा सेंटिमीटरचे वीस धागे मधोमध बांधून, दुमडून, टोकं फणीने विंचरून फुलवलेला. तो कपाळपट्टीला शिवला. बरोबर खुंटांवर येतो. अख्ख्या साजातली ही एकच वस्तू आहे जिचा घोड्याला काही उपयोग नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताईने बिस्किट हातात घेतला. तुरा वर करून खाली बघितलं. खुंट तसेच होते. जळालेलं शेपटीचं टोक मी कापलं होतं, तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. काही बोलली नाही. मग भाचीच्या हातातून कंगवा घेतला, खाली बसली आणि शेपटीची तिपेडी वेणी घालायला लागली. टोकापासून विंचरत, मुळाशी धरून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बहुतेक तिला ते आधीपासून येत होतं.

दिवाळी झाल्यावर आई म्हणाली, आता घोडा शोकेसमध्ये ठेवा, एवढा छान झालाय. आपल्याकडे जुनं कोडं आहे ना, भाकरी का करपली, घोडा का अडला, तिन्हीचं मिळून उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. (तिसरं पानाचं, ते का सडलं.) भाचीने ते नुकतंच शाळेत ऐकलं होतं. तिने आजीला तेच ऐकवलं आणि घोडा घेऊन इस्त्रीच्या पाटाकडे गेली.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर काय आहे ते बघा. घोडा निघाला तर फोटो पाठवा. आणि स्ट्रेटनरला हात लावण्याआधी, एक केस काढून पाण्यात टाका. भेटू पुढच्या भागात.